शिवणीतली माया

कटिंगमास्तरांची नजर अशी, की टेबलावर पसरलेल्या कापडाकडे नुसतं बघून ते सांगायचे, "हे एका बाजूनं सुताभर आखूड आहे." टेप लावून पाहावं तर सुताभरच. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापायचं सगळं काम त्यांच्याकडे. त्यामुळे त्या सकाळी न्याहारी करताना लेकीच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि घास हातातच राहिला. तिची डावी भुवई उजवीपेक्षा आखूड होती. चांगली अर्ध्या पेरानं.

"सुई, भुवईला काय झालं गं?"

लेक पंधरा वर्षांची. अंगानं बारीक आणि बोलणं टोचरं, म्हणून घरात सगळे तिला सुई म्हणत. तिचा हात चटकन कपाळाशी गेला.

"काही नाही. तुम्ही आता माणसंपण मापायला लागलात का, बाबा?"

आईनं मास्तरांकडे नुसतं पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ, 'बघा, मला रोज हेच ऐकायला मिळतं.'

शाळेतली शेवटची परीक्षा महिन्यावर आली होती. मास्तरांनी मोठ्या हौसेनं लेकीचं वेळापत्रक केलं होतं. केलं कसलं, कापलंच होतं म्हणा ना! नमुने काढायचा खाकी कागद घेतला, पट्टी धरली आणि पहाटे पाचपासून वीस-वीस मिनिटांच्या चौकटी आखल्या, एकीला एक खेटून. ज्या माणसानं आयुष्यात वीतभर चिंधी वाया जाऊ दिली नाही, तो लेकीचं मिनिट वाया जाऊ देईल होय? कागद भिंतीवर लागला तेव्हा त्यांनी चार पावलं मागं जाऊन तो असा न्याहाळला, जसा एखादा भक्त मूर्ती न्याहाळतो.

सुईनं बशी बाजूला सारली. "शनिवारच्या सराव परीक्षेला मी जाणार नाहीये."

"का बरं?"

"नाही म्हणजे नाही. मोठ्या परीक्षेचंही माझं काही सांगता येत नाही."

"अगं, पण आम्ही कशात कमी पडलो? वह्या, पुस्तकं, शिकवणी…"

"पडलातच कमी!" सुई उठली. तिचा आवाज चिरकला. "जरासुद्धा माया ठेवली नाहीत तुम्ही!"

आतल्या खोलीचं दार लागलं. आपटलं नाही, नुसतं लागलं. मास्तरांना ते आपटण्याहून जास्त लागलं.

कारखान्यात गेले खरे, पण हात कात्रीवर आणि जीव घरात. माया नाही म्हणते! हिला ताप आला तेव्हा तीन रात्री कोण बसलं होतं उशाशी? आता ही परीक्षाच सोडून बसली तर पुढं काय करायचं? आणि त्या भुवईचं काय? तिथं नेमकं काय चाललंय? चुटपुट एक आणि कुतूहल दुसरं, अशी दोन्हीकडून ओढाताण चालली होती.

"मास्तर," काजं करणाऱ्या मावशींनी हाक मारली. "या गिऱ्हाइकाला दोन्ही हात डावेच आहेत का?"

मास्तरांनी खाली पाहिलं. कापलेल्या दोन्ही बाह्या डाव्या. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

मग काय, सगळं बाहेर आलं. मावशी सुईत दोरा ओवता ओवता ऐकत होत्या. शेवटचं वाक्य ऐकलं आणि त्या असं हसल्या, की दोरा निसटला.

"कुठली माया म्हणाली ती?"

"कुठली म्हणजे?"

"अहो, पोर कुणाची? शिंप्याची! रांगायची तेव्हापासून तुमच्या टेबलाखाली खेळलीय. दिवसातून शंभरदा तुमच्याच तोंडून ऐकलंय तिनं, 'इथं दोन बोटं माया सोड, तिथं बोटभर माया राहू दे.' जगातले सगळे साधू सांगतात, माया सोडा. शिंपीही तेच सांगतो, माया सोडा! साधूचं ऐकलं तर हातात काही उरत नाही आणि शिंप्याचं ऐकलं तर शिवणीत उरतं. तिला यातली कुठली हवी होती, ते विचारलंत का?"

नव्हतं विचारलं. उद्या अंग भरलं तर कपडा सैल करता यावा म्हणून शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड राखतात, ती माया. हा शब्द मास्तरांच्या ओठांवर आयुष्यभर होता, पण कानांवर बहुधा कधी पडलाच नव्हता.

दुपारच्या सुट्टीत ते थेट घरी. दारावर टिचकी मारली. "आत येऊ? एकच विचारायचंय. कुठली माया गं?"

मग कडी निघाली.

"शिवणीतली! दुसरी कुठली?" सुईनं त्यांना भिंतीपाशी नेलं. "हे बघा. सोमवारी भूमितीला सात मिनिटं जास्त लागली. ती इतिहासात घुसली. इतिहास विज्ञानात. बुधवारी मी मंगळवारचंच करत होते. कुठं उसवून सैल करायला जागाच नाही. मी नुसती बघत बसते, किती मागं पडले ते. आणि बघता बघता हात…" तिनं भुवईला बोट लावलं. "मला कळतसुद्धा नाही, बाबा. केस वहीवर पडले की कळतं."

मास्तर खाली बसले. त्यांनी आपलं कळत होतं तेच विचारलं. "दुखतं का?"

"नाही. तेच विचित्र आहे ना?"

"आहे खरं. शाळेत मुलांच्या मनातलं ऐकून घ्यायला ज्या बाई बसतात, त्यांना भेटू या का? मी येतो. बाहेर बसतो."

सुईनं होकारार्थी मान हलवली. मग हळूच म्हणाली, "दुसरी माया आहे हो. तीच इतकी आहे, की बोलायला भीती वाटते."

मास्तरांनी डोळे पुसायचं निमित्त म्हणून चष्मा पुसला.

"यात आता माया घालता येईल?" तिनं कागदाकडे बोट दाखवलं.

"कापल्यावर कुठली घालता येते? नवीनच कापायला हवं. मी न विचारताच मापं घेतली, तीच चूक. सांग, भूमितीला खरं किती लागतं?"

मग ते विचारत गेले आणि नवल करत गेले. इतिहासाला हिला तासभर लागतो, कारण ही नकाशात हरवते! विज्ञान उभ्यानं वाचते! आणि रोज दहा मिनिटं फरशीवर पाठ टेकून छताकडे बघायला लागतं. पंधरा वर्षं एका घरात राहून यातलं एक माप त्यांना ठाऊक नव्हतं. देव मूल पाठवतो, पण सोबत मापांची चिठ्ठी काही पाठवत नाही.

"आणि शनिवार?" त्यांनी जपून विचारलं.

"बघते. पण गेले तर पेपर कसा गेला ते विचारायचं नाही."

शनिवारी ती गेली. मास्तर शाळेच्या फाटकाबाहेर ओठ घट्ट मिटून उभे. सुई आली. दोघं घराच्या वाटेला लागले.

"एक प्रश्न सोडून दिला," तीच म्हणाली. "मुद्दाम. मग वेळ उरला. खिडकीतून समोर एक माणूस शिडीवर चढून रस्त्यावरचा दिवा बदलत होता, तो बघत बसले."

सोडलेला प्रश्न किती गुणांचा, हे मास्तरांच्या जिभेच्या टोकाशी आलं होतं. त्यांनी ते गिळलं. मग मात्र खरोखरच जाणून घ्यावंसं वाटलं.

"एकटाच होता? मग शिडी कोण धरून होतं?"

"तीच तर गंमत," सुई म्हणाली, आणि सांगू लागली.