रिपेकाआजीचा तंबू

मित्रांनो, मी एक जुना तंबू आहे. जाड कापडाचा, ठिगळं लावलेला. नीट ऐका हं, माझ्याकडे फार वेळ नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी कसा पांढराशुभ्र होतो! सरकारनं माओरी लोकांच्या पडीक जमिनी लागवडीखाली आणायचं ठरवलं आणि बियाणं, कुंपणाची तार, गाई यांच्याबरोबर मलाही वायआपू नदीच्या काठी धाडलं. तिथं जिकडे तिकडे झुडपंच झुडपं. पारातेने नावाचा तिथला शेतकरी आणि त्याचे भाऊबंद दिवसभर ती तोडत आणि दमून माझ्यात आडवे होत. धुराचा आणि भाजलेल्या रताळ्यांचा वास माझ्यात भरून राही. पहाटे धुकं उतरलं की वाटे, आपण ढगच आहोत, कुणीतरी चुकून खाली बांधून ठेवलेला.

मग गवत उगवलं, गाई दुभू लागल्या आणि सरकारी मदतीतून पारातेनेचं घर उभं राहिलं. लाकडी जमीन, खिडक्यांना काचा, आत चूल. त्याआधी त्याची पोरं झोपडीत ओल्या मातीवर निजत आणि खोकत. एक मुलगी तर त्या ओलीनंच गेली. घराचं सगळ्यांनी कौतुक केलं. मला गुंडाळून गोठ्याच्या माळ्यावर टाकलं, उंदरांनी कुरतडलं. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय! मला फार वाईट वाटलं.

यंदाच्या हिवाळ्यात पारातेनेची आई रिपेका अंथरुणाला खिळली. तिनं मला खाली काढायला लावलं. अंगणापलीकडे तंबू ठोका, मी तिथंच निजेन, म्हणाली.

सून मीरिया रडायलाच लागली. सरकारी देखरेखीचे साहेब आले, तेही चिडले. एवढं उबदार घर असताना म्हातारीला थंडीत काढता, लोक काय म्हणतील, असं बरंच बोलले. पारातेने माझ्या खुंट्या ठोकत राहिला. माओरी लोकांत जुनी रीत आहे, ज्या छपराखाली माणूस मरतं तिथं पुन्हा कुणी राहत नाही. ते जाळून टाकतात.

मीरिया म्हणाली, "आई, आता कोण पाळतं हे?"

"मी पाळते ना," रिपेका म्हणाली. "मी आत मेले तर तुम्ही राहालही, पण भीत भीत राहाल. आणि एखादं पोर आजारी पडलं की परत झोपडीत जाल. घर सरकारनं दिलंय, पोरी. मरण माझं आहे. ते माझं मी बघते."

तिला उचलून माझ्यात आणलं. मीरिया पायाशी बसून तिचे गार पाय चोळत राही. वारा आला की मी फुगायचो आणि रिपेका झोपेतच म्हणायची, हळू वल्हवा रे. मलाही वाटे, आम्ही होडीतून समुद्राकडे चाललो आहोत. आज उजाडताना ती गेली. तिला अंत्यविधीसाठी गावाच्या सभाघराकडे नेलं आहे.

आता पारातेने रॉकेल घेऊन आला आहे. मित्रांनो, माझ्यासाठी हळहळू नका. तुमचं घर तेवढं जपा. गळलं तर वेळेवर डागडुजी करा, भिंतींना ओल लागू देऊ नका. तुम्हाला छप्पर मिळावं म्हणून कुणीतरी उघड्यावर निजलेलं असतं.

पारातेनेनं काडी ओढली. पोरं अंगणात घुटमळत उभी आहेत आणि मीरिया त्यांना सांगते आहे, "जा, आत जा. घर आपलंच आहे."