पुसट बटण

"समोरच आहे बटण, अप्पा! समोर!"

तिचा आवाज चढला तशी बाकांवरची माणसं वळून बघायला लागली. डोळ्यांच्या दवाखान्यात सकाळची गर्दी होती. वडिलांनी फोन जवळ नेला, लांब धरला, चष्मा शर्टाला पुसला.

"नाही गं दिसत."

खिडकीमागच्या बाईंनी मान हलवली. "फोनवरून वेळ पक्की केली नव्हतीत, म्हणून ती दुसऱ्यांना दिली. ऑपरेशन आता पुढच्या महिन्यात."

तिनं वडिलांच्या हातातून फोन जवळजवळ हिसकावूनच घेतला. पांढऱ्या पानाच्या तळाशी, राखाडी, पुसट अक्षरांत 'नक्की करा' लिहिलेलं होतं. तिचं बोट तिथंच थबकलं. कडांचा तो हलका गोलावा, तो रंग, सगळं तिचंच होतं.

तिच्या कंपनीत प्रत्येक गट वेबसाइट बांधायला वेगळं फ्रेमवर्क, म्हणजे वेगळा तयार सांगाडा, वापरायचा, त्यामुळे एकाच गिऱ्हाइकाच्या दोन पानांवर दोन तऱ्हेची बटणं दिसायची. तिनं रंग, अक्षरं आणि मोकळ्या जागा यांची एक थीम बांधली. ती कुठल्याच फ्रेमवर्कवर अवलंबून नव्हती. एक फाइल जोडली की कुठलीही वेबसाइट त्या रूपात यायची; या दवाखान्याचीही आली होती. तिचं भरपूर कौतुक झालं. कंपनीत तयार पानं तपासणाऱ्या ताई तेवढ्या म्हणाल्या होत्या, "रंग फार फिका झालाय गं. वयस्कर माणसांना दिसायचा नाही." त्यावर भर मीटिंगमध्ये ती म्हणाली होती, "ताई, एकदा डोळे तपासून घ्या." सगळे खो खो हसले होते. ताईसुद्धा हसल्या होत्या.

खिडकीमागच्या बाई सहज बोलून गेल्या, "रोज दोघंतिघं येतातच, बटण न सापडलेली. आम्ही त्यांनाच ओरडतो."

"अप्पा, तुमचे डोळे नाहीत चुकले," ती कशीबशी म्हणाली. "हे बटण मी केलंय." आणि त्यांच्याकडे न बघता व्हरांड्यात गेली. ताईंना फोन लावला.

"ताई, वडिलांना डोळ्यांच्या ऑपरेशनला आणलंय, पण तो राखाडी रंग त्यांना दिसलाच नाही... तुमचं बरोबर होतं. मी तेव्हा जे बोलले, ते फार वाईट बोलले."

ताई म्हणाल्या, "फाइल एकच आहे ना? मग बदल की आज. सगळीकडे बदलेल."

"आजच करते."

"आणि वडिलांना काही खायला घाल. सकाळपासून उपाशी असतील."

ती आत आली, तेव्हा वडील शेजारच्या गृहस्थांकडे झुकून सांगत होते, "माझ्या मुलीनं केलंय हे. स्वतः, डोकं लावून."

"अरे वा!" गृहस्थांनी तेच पान उघडलेला स्वतःचा फोन नाकाला लावला. "कुठाय?"

वडील गोंधळले. त्यांनी पडद्यावर अंदाजानं कुठंतरी बोट दाखवलं.

ती गृहस्थांपुढे उकिडवी बसली. त्यांचं बोट हातात घेतलं आणि हलकेच बटणावर टेकवलं.

"इथं दाबा, काका," ती म्हणाली. मान मात्र तिनं वर केली नाही.