ड्वेनचा कायदा

आमच्या ड्वेनला गावाचा शेतीहक्काचा कायदा तोंडपाठ आहे. गाय विताना अडली तर दोर कुठे ठेवलाय ते त्याला आठवत नाही, सख्ख्या बहिणीचा वाढदिवस तर कधीच आठवलेला नाही, पण कायद्याचं कुठलंही कलम विचारा, घडाघडा म्हणून दाखवील. दाखवणारच! तो करायला लावला ह्यानेच. शहरातली माणसं येऊन टेकडीवर घरं बांधायला लागली, शेणाच्या वासाच्या तक्रारी सुरू झाल्या, तेव्हा आमच्या गावच्या प्रमुख मार्जबाईंचं डोकं खाऊन खाऊन ह्याने तो मंजूर करून घेतला. वास, धूळ, पहाटेचा ट्रॅक्टर, हे सगळं शेजाऱ्याने चालवून घ्यायचं. कायदा चांगलाच आहे, मी नाही म्हणत नाही. मीही ह्याच गोठ्यात वाढलेय. नवरा वारल्यावर मी माहेरी परत आले आणि तेव्हापासून आम्ही दोघं भावंडंच गायी सांभाळतो.

पण आमचा भाऊ म्हणजे असा की, हातात कायदा आला आणि तोंडातली जीभ गेली. नीट बोलायचं म्हणून विसरला.

सगळी रड आहे ती नदीकाठच्या कुरणाची. ते कुरण आमचं नाही. ते हिल्डा ट्रूॲक्सचं. आमच्या बापाच्या वेळेपासून तिथलं गवत आम्ही कापायचो आणि त्याबदल्यात तिच्या घरापुढचं बर्फ काढून द्यायचो, शेगडीपुरती लाकडं टाकायचो. कागद नाही, सही नाही, हातात हात दिला की झालं. आमच्या गायींचा हिवाळ्याचा निम्मा चारा त्या कुरणावर. ते सुटलं तर चारा विकत घ्यायचा, आणि दुधाला जो भाव मिळतो त्यात विकतचा चारा घालणारा माणूस पुढच्या वर्षी गायी विकायला काढतो. आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा सांगेल हे.

हिल्डा गेली. तिच्या पुतण्याने घर आणि कुरण एकदमच विकून टाकलं, शहरातल्या एका जोडप्याला. फेलिक्स आणि ज्युडिथ. तो कुठल्याशा शाळेत इतिहास शिकवायचा, ती दातांची डॉक्टर होती, आता दोघं निवृत्त. पहिल्याच उन्हाळ्यात ड्वेन नेहमीसारखा ट्रॅक्टर घेऊन कुरणात घुसला.

मी म्हटलं, "अरे, मालक बदललेत. दारावर जाऊन सांगून तरी ये."

"काय सांगू? गवत कापतोय ते दिसत नाही का त्यांना?"

"विचारायचं, बाबा. विचारायचं! हिल्डाला बापाने विचारलं होतं तसं."

"लोइस, त्या कुरणात आपण शेती करत आलोय. चालू शेतीला कायद्याचं संरक्षण आहे."

"दुसऱ्याच्या जमिनीवरच्या?"

"शेती ती शेती," असं म्हणून गेला निघून. त्या बिचाऱ्यांनी ओट्यावरून हात केला. ह्याने टोपीला बोट लावलं. झाली ओळख.

पुढच्या वर्षी, मका कापून झाल्यावर, आमच्या रानात पातळ शेणखत टाकायचं होतं. ते रान अगदी त्यांच्या अंगणाला लागून. शुक्रवारी ज्युडिथचा फोन आला. फोन मीच घेतला. उद्या तिच्या आईचा नव्वदावा वाढदिवस होता, अंगणात टेबलं मांडायची होती, कुठून कुठून माणसं येणार होती. "उद्याचा एक दिवस थांबता येईल का हो तुम्हाला?" असं तिने विचारलं. इतकं मऊ बोलली बाई की मीच ओशाळले. मी म्हटलं, ड्वेनला सांगते.

सांगितलं. कशाला सांगितलं असं झालं मला.

"रविवारी पाऊस आहे," ड्वेन म्हणाला.

"सोमवारपासून आठवडाभर ऊन आहे. खताचा खड्डा अर्धा रिकामा आहे, मी बघून आलेय. काही अडत नाहीये तुझं."

"आज एक दिवस सोडला की उद्या दुसरा मागतील. मग म्हणतील रविवारी नको, मग म्हणतील वारा इकडचा आहे म्हणून नको. हा कायदा केला कशासाठी मग?"

"ड्वेन, म्हातारीचा वाढदिवस आहे!"

"गायी वाढदिवस बघून हगत नाहीत."

आता अशा माणसापुढे काय डोकं फोडायचं? शनिवारी दुपारी, बरोब्बर जेवणाच्या वेळेला, ह्याने टँकर जोडला आणि त्या रानात शेवटच्या सरीपर्यंत शेणखत टाकलं. मी खिडकीतून बघत होते. पाहुणे टेबलावरच्या ताटल्या उचलून घरात पळत होते. म्हातारीला दोघांनी धरून आत नेलं. मला अस्सा संताप आला की मी त्याला रात्री जेवायलाच वाढलं नाही. त्याने स्वतःच अंडी तळली आणि शीळ घालत खाल्ली.

त्यांनी तक्रार केली. करणारच. आमच्या कायद्यात तक्रारीसाठी कमिटी आहे, मार्ज आणि दोन शेतकरी. ड्वेनला तर दिवाळखोराला लॉटरी लागावी तसा आनंद झाला. इस्त्रीचा शर्ट घातला त्याने! मी दोन दिवस मागे लागले होते, "अरे जा, माफी माग, मिटवून टाक. कुरण त्यांचं आहे, कुरण!" तर म्हणे, "कुरणाचा इथे काय संबंध? तू दोन गोष्टींची खिचडी करतेस."

सभागृहात निम्मं गाव जमलं. कॉफी होती, डोनट होते, एखाद्या सामन्याला यावं तशी माणसं आली होती. मार्जने आधी विचारलं, "कायद्यात पहिलं म्हटलंय की शेजाऱ्यांनी आपसांत बोलायचं. बोललात का?"

"मी फोन केला होता," ज्युडिथ म्हणाली. "एक दिवस मागितला होता."

"आणि मी दिला नाही," ड्वेन उठून म्हणाला. "कारण तो द्यायला मी बांधील नाही. ही शेतीची रीतसर पद्धत आहे, वेळ रीतसर आहे, रान माझं आहे." पुढे कलमंच्या कलमं. मागच्या रांगेतून टाळ्या पडल्या. मला खुर्चीखाली जावंसं वाटत होतं.

कमिटीने निकाल दिला, ड्वेनचं काही चुकलेलं नाही. द्यावाच लागला, कायदाच तसा आहे. मार्जचं तोंड मात्र कारलं खाल्ल्यासारखं झालं होतं. ज्युडिथ कोट घालता घालता माझ्यापाशी थांबली. म्हणाली, "मागायचंसुद्धा नसतं, हे आम्हाला माहीत नव्हतं." रागाने नाही हो, साधंच म्हणाली. रागाने म्हणाली असती तर परवडलं असतं.

ड्वेनला मात्र हिवाळाभर लोक पाठीवर थाप मारत होते. मे महिन्यात फेलिक्स गोठ्यात आला. आम्ही धारांची यंत्रं धूत होतो.

"ड्वेन, यंदापासून कुरण कापू नका," तो म्हणाला. "आम्ही ते तसंच ठेवणार आहोत. गवतात पक्षी घरटी करतात म्हणे, ते बघू."

ड्वेन हसलाच आधी. मग म्हणाला, "तसं करता येत नाही तुम्हाला. कायदा आहे."

"सुनावणीनंतर वाचला मी तो. नीट लिहिलाय. तुमच्या शेतात तुम्हाला कुणी अडवू शकत नाही. माझ्या शेतात तुम्हाला येऊ द्यायलाच पाहिजे, असं कुठे दिसलं नाही मला. तुम्हाला सापडलं तर दाखवा."

ड्वेन तसाच बूट न काढता गाडीत बसला आणि मार्जकडे गेला. तिने कायदा त्याच्यासमोर टाकला. "तूच लिहून घेतलायस, तूच शोध." तासभर शोधला म्हणे. परत आला आणि गोठ्यातल्या बादलीवर बसून राहिला. शेवटी म्हणाला, "लोइस, तू जाऊन बोलतेस का?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मी? तुझ्या जिभेला काय झालं? चल, ऊठ! मी बरोबर येते, पण बोलायचं तू."

गेलो. ज्युडिथने दार उघडलं, आत बसवलं, कॉफी दिली. ड्वेन टोपी मांडीवर घेऊन बसला आणि बोलला. चाऱ्याचं, दुधाच्या भावाचं, बापाचं, हिल्डाचं. इतकी वाक्यं मी त्याच्या तोंडून सलग कधी ऐकली नव्हती, आणि त्यात एकही कलम नव्हतं. शेवटी म्हणाला, "यंदा कापू द्याल का?"

ज्युडिथने हातातला कप खाली ठेवला.

"पहिल्या वर्षी विचारलं असतंत ना, तर लगेच हो म्हटलं असतं," ती म्हणाली. "मला गवतातलं काय कळतंय? आम्ही वाटच बघत होतो की तुम्ही याल, निदान नाव सांगाल. आता तुम्ही विचारलंत, बरं वाटलं. पण उत्तर 'नाही' असंच आहे."

ती खोटं कुठे बोलत होती? आम्ही कॉफी संपवली आणि आलो.

ऑक्टोबरात निम्म्या गायी विकल्या. व्यापाऱ्याची गाडी आली, एकेक चढवत होतो. पर्ल शेवटची, ती ड्वेनने बाटलीने दूध पाजून वाढवलेली, ती फळीवर पाय ठेवीना. तो तिच्या मानेवर हात ठेवून कुरणाकडे बघत उभा राहिला. तिकडे गवत छातीएवढं वाढून आडवं झालं होतं, कुजत होतं.

"चांगला चारा असा वाया घालवायचा," ड्वेन म्हणाला. "याविरुद्ध कायदा पाहिजे, लोइस. मार्जशी बोललं पाहिजे."

माझ्या तोंडात इतकं आलं होतं, इतकं! सगळं तिथल्या तिथे ऐकवणार होते. पण त्याचे डोळे भरले होते, आणि हे त्याचं त्यालाही कळलेलं नव्हतं. मी मागून पर्लच्या पुठ्ठ्यावर थाप मारली. ती चढली.