जीपच्या पोटातली काजळी

मी एक जुना ईजीआर व्हॉल्व्ह आहे. नाव ऐकून तोंड वाकडं करू नका, मित्रांनो. ते ठेवताना मला कुणी विचारलं नव्हतं. दारव्हा तालुक्यातल्या एका तांड्यावर देवसिंगकाकांची डिझेल जीप आहे. तिच्या इंजिनावर माझी जागा. इंजिनातून निघालेला थोडा धूर मी पुन्हा आत सोडतो. त्यामुळे आतली आग जरा कमी तापते आणि हवेत विषारी वायू कमी जातात. म्हणजे उष्टं वाढण्याचं काम! पण कुणीतरी ते करायला हवं.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी नव्या वाटीसारखा चकचकीत होतो. माझी झडप इतकी हलकी उघडमीट करायची की मलाच माझं कौतुक वाटायचं. दुसऱ्या कुणाला वाटलं नाही, ती गोष्ट वेगळी. जीप आली त्या दिवशी काकांनी बॉनेटला हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, आरशाला गोंडा बांधला. दर दसऱ्याला हेच. बॉनेटखाली कोण राबतंय हे कुणी पाहिलं नाही.

ही जीप तांड्यावरच्या मुलींना बोरी अरबच्या शाळेत नेते. तांड्यापर्यंत एसटी येत नाही. जीप आहे म्हणून शाळा आहे. जीप थांबली की मुली घरी. त्यांतली शीला यंदा दहावीला आहे. तिची आई पुष्पाताई, आणि माझ्या दुखण्याची सुरुवात तिथूनच झाली.

सकाळी आया रस्त्याच्या कडेला उभ्या राहून जीपचा आवाज ऐकत. इंजिन जरा गरजलं की संध्याकाळी काकांची हजेरी घेतली जाई.

"भाऊ, गाडीत पोरी हायेत, गिट्टी नाही! काहून एवढी पळवता?" पुष्पाताई विचारत.

शेवटी काकांनी आवाज न करण्याचा शब्दच दिला. तेव्हापासून ते तांड्याबाहेर पडायच्या आत चौथा गिअर टाकू लागले. जीप बैलगाडीच्या चालीनं, इंजिन कुंथतंय, पण आवाज कसा अगदी मंद! आया खूश. इकडे अर्धवट जळलेल्या डिझेलची काजळी आणि तेलाची वाफ मिळून डांबरासारखा राडा माझ्या घशात थरावर थर बसत होता.

एक दिवस माझी झडप अर्धी उघडी राहूनच अडकली. मला तोंड नाही, म्हणून काकांच्या समोरचा पिवळा दिवा लागला. काकांनी काय करावं? दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली! कपाळावर हात मारून घ्यावा, तर मला ना कपाळ ना हात.

मग जीप काळा धूर ओकू लागली. टेकडीच्या चढावर मुली उतरून चालायच्या. एका संध्याकाळी जीप चढावर बंदच पडली आणि मुली अंधारात पायी घरी गेल्या. बऱ्याच वेळानं काका रिकामी जीप घेऊन आले, तेव्हा पुष्पाताई वाटच पाहत होत्या.

"उद्यापासून शीला घरी," त्या म्हणाल्या. "अशा रस्त्यानं पोरीले पायी नाही येऊ देत मी."

बाकीच्या आयांनीही तेच म्हटलं. शीलाचं रडणं मला बॉनेटखाली ऐकू येत होतं. माझा इतका संताप झाला, आणि करता मात्र काहीच येईना!

काकांच्या बायकोनं, लालीबाईनं, ती चिकटपट्टी टरकन ओढून काढली. "धूर पूर्ण तांड्याले दिसून राह्यला, अन् तुमी दिवा झाकता? उद्या मिस्त्रीकडे चला!"

बोरीच्या भीमराज मिस्त्रीनं मला खोलून बाहेर काढलं. "झडप उघडीच अडकली जी, धूरच आत चालला, इंजिनाले हवा कुठून भेटन?"

"मंग पत्रा ठोकून बंदच करून टाक न त्याले," काका म्हणाले. ऐकलंत? इतक्या वर्षांच्या चाकरीचं हे बक्षीस!

"अन् हवा खराब झाली तं? याचा दोष नाही, तुमी गाडी कुथवून राह्यले. चढावर खालचा गिअर टाका. पळवाची नाही, नुसती गरजू द्याची."

भीमराजनं विजेचा भाग कोरडा ठेवून मला खरवडलं, फवारा मारला, ब्रशनं घासलं. काळं पाणी वाहून गेलं आणि माझी झडप टकटक हलली. मला रडूच आलं असतं.

"पण गरजली तं आया पोरी पाठवतीन काय?" काकांचा जीव त्यातच अडकलेला.

उत्तर लालीबाईनं काढलं. रविवारी तिनं सगळ्या आयांना कळंबच्या चिंतामणीच्या दर्शनाला म्हणून जीपमध्ये बसवलं. टेकडीच्या चढावर काकांनी दुसरा गिअर टाकला. इंजिन गरजलं. पुष्पाताईंनी दांडी घट्ट धरली.

"हळू घ्या, भाऊ, हळू!"

"बाहेर तं पाह्य," लालीबाई म्हणाली.

पुष्पाताईंनी पाहिलं. शेजारून एक सायकलवाला चढ चढत होता, आणि जीपची चाल त्याच्याहून थोडीच जास्त होती. एकाही बाईला उतरावं न लागता जीप माथ्यावर पोचली. पुष्पाताईंनी दांडी सोडली. मग म्हणाल्या, "उद्या शीला येईन. अन् चढावर आवाज नाही आला, तं माह्याशी गाठ हाय!"

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल तर मोठ्यांना एवढं सांगा, की वरून पुसलं म्हणजे झालं असं नसतं. आम्हालाही कधीतरी खोलून साफ करा, आणि इंजिनाला अधूनमधून मोकळा श्वास घेऊ द्या. फार मागतोय का मी?

सोमवारी चढावर शीला विज्ञानाचा धडा ओरडून वाचत होती, कारण इंजिनाच्या आवाजात तिचं तिलाच ऐकू येत नव्हतं.