बार्टलीची इंग्रजी गेली

अर्धांगाचा झटका आला आणि म्हातारपणी घरी परतलेल्या बार्टलीचा उजवा हात गेला, त्याचं गावात कुणाला नवल वाटलं नाही. इंग्रजी गेली म्हटल्यावर मात्र लोक हसले. उमेदीची सगळी वर्षं इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत विटा वाहून कमावलेली भाषा, साफ गेली. उरली ती आईच्या दुधाबरोबर आलेली आयरिश.

हसण्यासारखं काही नव्हतं त्यात. त्याची मुलगी डोरीन तिकडेच जन्मली, तिकडेच वाढली. तिच्याशी तो जन्मात आयरिश बोलला नव्हता. त्या पिढीत आमच्या कॉनेमाराच्या, आयर्लंडच्या या पश्चिम किनाऱ्यावरच्या सगळ्यांनी हेच केलं. पोरांना कुणी गावंढळ म्हणू नये, चार पैसे मिळावेत, म्हणून घरात आपल्याच भाषेला बंदी. आता बापाचं लेकीला कळेना, लेकीचं बापाला. तो जायच्या आत एकदा तरी त्याच्याशी बोलता यावं, एवढंच डोरीनचं मागणं होतं. म्हणून ती माझ्या बुधवारच्या आयरिशच्या वर्गात येऊन बसली.

"आधी क्रियापद," मी तिला सांगितलं. "मग कोण, मग बाकीचं. 'मी चहा पिते' नाही, 'पिते मी चहा'. आणि 'हो' हा शब्द विसर. 'पितेस का?' विचारलं की म्हणायचं, 'पिते.'"

"काय वैताग आहे गं हा!"

"मग जा परत इंग्लंडला."

माझं तोंड हे असं आहे. ती गेली नाही.

मार्चमध्ये तिने मला वृद्धाश्रमात सोबत नेलं. बापासमोर ताठ उभी राहिली, शाळेत कविता म्हणतात तशी. "आले मी, डॅडी. शिकते मी आयरिश."

बार्टलीचा चेहराच उतरला. तो माझ्यावर उखडला. "हे खूळ हिच्या डोक्यात तू घातलंस? इंग्रजी बोल म्हणावं तिला! नोकरी कोण देईल? उपाशी मरेल माझी पोर!"

"काय म्हणाले?" डोरीनने विचारलं.

मी जसंच्या तसं सांगितलं. गोड करून सांगणं मला जमत नाही.

"अगं, रिटायर झालेय मी!" ती भडकली. "सांग ना त्यांना!"

"मी कशाला? तूच सांग."

ती खिडकीकडे तोंड करून ओठ हलवत राहिली. मला वाटलं, रडतेय. मग वळली.

"मिळते पेन्शन मला, डॅडी."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "मिळते?"

"मिळते."

"मग बस," तो म्हणाला.

ती बसली आणि बार्टली बोलायला लागला. आईचं, होडीचं, पहिल्यांदा इंग्लंडच्या बोटीवर चढताना आलेल्या रडूचं. इतक्या वर्षांचं तुंबलेलं सगळं. डोरीनला त्यातलं पाव तरी कळत होतं की नाही कोण जाणे. मी वाकून तिच्या कानाशी इंग्रजीत सांगायला लागले, तर तिने मला हाताने अडवलं.

"ऐकते मी," ती आयरिशमध्ये म्हणाली.