आठवा डोंगर

रिपीटर बसवला की पुढचा डोंगर तीन कोस मागं सरकतो, हे अनंता भोइटेला तिसऱ्या डोंगरावर कळलं. त्यानं वायरलेसवर ऑफिसला तसं सांगितलं.

"मग आणखी एक बसव," बर्वेसाहेब म्हणाले.

साहेबांचं काय जातंय म्हणायला! डोंगर चढताना दम अनंताला लागत होता. त्यानं रिपीटरची पेटी पाठीला बांधली आणि निघाला.

शेवटच्या डोंगरावर त्याची बायको होती, कालिंदी. नदीची पातळी मोजायच्या केंद्रावर तिची नेमणूक झाली, तेव्हा तिच्या चुलीचा धूर ऑफिसच्या गच्चीवरून दिसायचा. मधलं एक टेकाड रेडिओला आडवं येत होतं, म्हणून त्यावर निरोप पुढं धाडणारा पहिला रिपीटर बसवायचा ठरला. अर्ध्या दिवसाचं काम. जेवायला तिच्याकडंच जायचं होतं.

आता सात डोंगर झाले होते.

तिच्या मोडेममधून दर पाव तासाला पाण्याचा आकडा यायचा. आकड्यामागं तीन-चार शब्दांची जागा मोकळी राहायची, त्यात ती घरचं लिहायची. पाणी चार पूर्णांक दोन, कढी उतू गेली. पाणी चार पूर्णांक तीन, कधी येताय? अनंता उत्तर टाकायचा, उद्या. असं सात वेळा झालं. मेली ती कढी, तिची आठवण आली की तो भाकरी तशीच परत बांधून ठेवायचा.

एकदा रिपीटर न बसवता तो नुसताच पुढं चालून गेला. डोंगर जागचा हलला नाही, पण दिसेनासा झाला, आणि तिचे शब्द अर्ध्यात तुटले. अनंता घाबरून पळत मागं आला आणि मुकाट्यानं पेटी बसवली.

आठव्या डोंगरावर पोचला तेव्हा पेट्या संपल्या होत्या. समोर तिचं केंद्र होतं. पत्रा दिसत होता, दोरीवरचं लुगडं दिसत होतं. इतक्या जवळ तो या सगळ्यात कधीच आला नव्हता. त्यानं विचार केला, पेटी नाही म्हणजे डोंगर सरकायचं कारण नाही. पेटीचं काम आपण केलं तर शब्दही तुटणार नाहीत.

प्रत्येक पेटीवर तो खडूनं नंबर घालायचा. तसाच त्यानं सदऱ्यावर आठ लिहिला, अँटेना दोन्ही हातांनी वर धरली आणि उभा राहिला.

डोंगर सरकला नाही. कालिंदी अंगणात आली, कपाळावर हात धरून तिनं इकडं पाहिलं. अनंताला रडूच आलं.

"अहो," तिचा आवाज आला, अगदी कानाशी. "जेवलात का?"

नाही म्हणायला त्यानं तोंड उघडलं. पण मान आपोआप ऑफिसच्या दिशेला वळली आणि तोंडातून आलं, "पाणी चार पूर्णांक पाच. अहो, जेवलात का?"

तेव्हा त्याला आठवलं. चौदा वर्षं नव्या लोकांना तोच शिकवत आला होता. रिपीटरनं ऐकायचं, थांबायचं आणि तेच पुढं सांगायचं. पदरचं काही घालायचं नाही.

बर्वेसाहेब शिस्तीचे. आलेल्या निरोपाला उत्तर गेलंच पाहिजे.

"हो, जेवलो," साहेब ऑफिसातून म्हणाले.

अनंतानं दात घट्ट आवळले. मान तिच्या डोंगराकडं वळली.

"हो, जेवलो," तो तिला म्हणाला, स्वतःच्याच आवाजात.

कालिंदीनं हात खाली घेतला. अंगणातली दोन ताटं उचलली, एक दुसऱ्यात ठेवलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "मग मी दार लावून घेते."

अनंताची मान ऑफिसकडं वळली.

"बरं झालं," तो म्हणाला. "मग मी दार लावून घेते."