दोन पासवर्डांचं घर

मित्रांनो, या घरात मला 'जुना डबा' म्हणतात. राउटर हे माझं खरं नाव, पण ते फक्त दुरुस्तीला येणारा माणूस घेतो. मी काळा आहे. मला दोन शिंगं आहेत, त्यातलं एक खाली लवलेलं आहे आणि ते कुणी सरळ करत नाही. बैठकीच्या खोलीत, टीव्हीच्या वरच्या फळीवर मी नऊ वर्षं बसून आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू सहसा गोड बोलतात. मला ते जमणार नाही. जे पाहिलं ते पोटात ठेवून ठेवून माझं डोकं तापलेलं असतं. खोटं वाटत असेल तर हात लावून बघा.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझ्यासारखे हजारो एका दिवसात तयार व्हायचे, त्यामुळे माझं काही कौतुक झालं नाही. तपासणीच्या टेबलावर एका बाईने माझे दिवे लावून पाहिले, पाठीवर एक चिठ्ठी चिकटवली आणि मला खोक्यात टाकलं. खोकं उघडलं ते या घरातल्या बाबांनी. जोडणी करायला आलेल्या माणसाने भिंतीला भोक पाडलं, वायर आत घेतली आणि विचारलं, "पासवर्ड काय ठेवू?"

बाबांनी बराच विचार केला आणि आपल्या दोन्ही मुलांची लाडाची नावं एकाला एक जोडून सांगितली.

"एवढं लांबलचक कोण टाइप करणार?" आई म्हणाली.

"तुला पाठ आहेत ना दोन्ही नावं? मग झालं तर!"

ते माझे चांगले दिवस होते. बाबा दर रविवारी मला रुमालाने पुसायचे. मी अडखळलो की "दमलाय बिचारा" म्हणून बटण बंद करायचे, दहापर्यंत मोजायचे आणि पुन्हा लावायचे. पुढे दोन्ही मुलांची लग्नं झाली, धाकट्याला बाळ झालं आणि दोघांचंही काम घरातच आलं. थोरला इमारतींचे नकाशे काढतो, धाकटा मुलांना इंटरनेटवरून गणित शिकवतो. दोन सुना, चार फोन, दोन कॉम्प्युटर, एक टीव्ही, सगळ्यांचा भार मी एकट्याने उचलला. आल्यागेल्याला बाबा अभिमानाने सांगायचे, "आमचा डबा कधी दगा देत नाही."

मग बाबा गेले. चार दिवसांचं दुखणं, आणि संपलं. त्या दिवसापासून मला कुणी पुसलेलं नाही. धूळ खाणं काय असतं ते मला विचारा.

बाबा होते तोवर भाऊ जपून बोलायचे. नंतर ती भीड चेपली. एका सकाळी थोरल्याची मीटिंग मध्येच अडकली आणि तो ताडकन खोलीबाहेर आला.

"तुझे व्हिडिओ चढवायला हीच वेळ सापडली तुला? तिकडे साहेब माझ्या तोंडाकडे बघतायत आणि माझं तोंड गोठलंय!"

"आणि माझ्या वर्गातली मुलं? सकाळपासून तुझेच नकाशे जातायत!"

"मोठ्या भावाशी बोलायची ही रीत झाली का?" थोरली सून म्हणाली.

"रीत दोन्हीकडून लागते, जाऊबाई," धाकटीने लगेच सुनावलं.

"अरे, एका डब्यावरून कसले भांडता?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. शब्दाने शब्द वाढला, आणि आठवड्याभरात धाकट्याने दुसऱ्या कंपनीचं कनेक्शन घेतलं. समोरच्या भिंतीवर चार शिंगांचा एक पांढराशुभ्र राउटर येऊन बसला. तो माझ्यापेक्षा वेगवान आहे हे मला दिवसातून दहादा ऐकवलं जायचं. त्याचा मला राग आला नाही असं म्हणालो तर ते खोटं होईल.

थोरला माझ्यावर राहिला, धाकटा त्याच्यावर गेला. आईचा फोन होता तसा माझ्याकडेच राहिला. तो कुणी हलवला नाही, कारण तो कुणाच्या लक्षातच नव्हता.

आता तुम्हाला चार वाजताची गोष्ट सांगायला हवी. आईची धाकटी बहीण दूरच्या गावी असते. अर्ध्या अंगावरून वारं गेल्यामुळे तिची वाचा गेली होती. नुसता फोन तिच्या काय कामाचा? म्हणून रोज दुपारी चार वाजता तिची मुलगी फोन तिच्यासमोर धरायची आणि दोघी बहिणी एकमेकींना बघायच्या. आई तिला लोकरीचा गुंता दाखवायची, सोललेले वाटाणे दाखवायची, कुंपणावर झोपलेलं मांजर दाखवायची. बहीण अर्ध्या चेहऱ्याने हसायची आणि चांगला हात वर करायची. दोघींच्या वाटचं आई एकटीच बोलायची. मी नकाशे वाहिले, गणितं वाहिली, सिनेमे वाहिले. पण हे काम मला मनापासून आवडायचं.

आईच्या फोनमध्ये वेगळं नेट नव्हतं. घरात वायफाय असताना ते कशाला, असं दोन्ही मुलांचं म्हणणं होतं. एवढ्या एका बाबतीत भावांचं एकमत होतं.

एका रविवारी धाकट्याला कळलं की वहिनी बैठकीतला टीव्ही त्याच्या कनेक्शनवर लावते. "वेगळं झालोय ना आता? मग हे चोरून कशाला?" असं घरभर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणत त्याने पांढऱ्याचा पासवर्ड बदलला. तासाभरात थोरला लालबुंद होऊन माझ्यापुढे आला. "त्यांचंही कुणी इकडे फिरकायला नको," म्हणाला, आणि बाबांनी ठेवलेला पासवर्ड पुसून त्याने भलतेच आकडे घातले. दोघांनी आपापल्या बायकोचे फोन, आपापले कॉम्प्युटर नीट जोडून घेतले. आईचं काय? थोरल्याला वाटलं, आई दिवसभर धाकट्याच्या बाळापाशी असते, तिचा फोन तिकडेच चालत असेल. धाकट्याला वाटलं, आईची खोली दादाच्या खोलीला लागून, ती त्याच्याच वायफायवर असणार. विचारायला भाऊ एकमेकांशी बोलत कुठे होते?

सोमवारी चार वाजता आईच्या फोनने माझं दार ठोठावलं. मित्रांनो, येणाऱ्या प्रत्येक फोनला मी आधी पासवर्ड विचारतो. बरोबर असला तर आत घेतो, चुकला तर परत पाठवतो. यात माझी मर्जी चालत नाही. आईने चष्मा वर सरकवला आणि एका बोटाने, सावकाश, दोन्ही मुलांची लाडाची नावं जोडून लिहिली. मी नाही म्हणालो. आपलंच काही चुकलं असं वाटून तिने एकेक अक्षर ओठांत म्हणत पुन्हा लिहिली. मी पुन्हा नाही म्हणालो. त्या दुपारी मी तिला सात वेळा परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी ती फोन घेऊन थोरल्याच्या टेबलापाशी उभी राहिली. "फोन जरा चालत नाहीये रे माझा."

"बंद करून चालू कर, आई," कानावरचे हेडफोन न काढता तो म्हणाला.

मग ती धाकट्याकडे गेली. "संध्याकाळी बघतो," तो म्हणाला. संध्याकाळ झाली आणि गेली.

शेजारची शिवणकाम करणारी बाई आईचा ब्लाऊज द्यायला आली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, सरळ पासवर्ड मागा की पोरांकडे!"

"कुणाकडे मागू?" आई हळू आवाजात म्हणाली. "थोरल्याकडे मागितला तर धाकटा म्हणणार, आई त्यांच्यात गेली. धाकट्याकडे मागितला तर थोरली तोंड फिरवणार. येईल हो लक्षात दोघांपैकी कुणाच्या तरी."

ती वाट बघत राहिली. चौथ्या दिवशी भाचीचा साधा फोन आला. तिचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू येईल इतका मोठा होता. "मावशी, आई चार वाजले की फोनकडे बघत बसते गं. मी फोन तिच्या कानाला लावते, तर ती तो ओढून समोर धरते. तुला शोधते."

"आमच्याकडे नेट बंद आहे गं," आई म्हणाली. "दुरुस्तीवाला येणारे दोन दिवसांत."

माझे चारही दिवे तेव्हा हिरवेगार होते. समोरच्या पांढऱ्याचेही होते. लेकरांची अब्रू राखायला ती माझ्यावर खोटा आळ घेत होती आणि मी तो मुकाट्याने सोसला.

पुढच्या गुरुवारी सकाळीच भाचीचा फोन आला. बहीण झोपेतच गेली होती. आई भिंतीला टेकून जमिनीवर बसली. दोन्ही मुलं धावत आली, सुना आल्या. थोरला तिच्याजवळ बसून म्हणाला, "काल चारला बोललीस ना तू तिच्याशी? तेवढं तरी समाधान."

"दहा दिवस दिसली नाही ती मला," आई म्हणाली.

थोरल्याने भावाकडे पाहिलं. "तुझ्या वायफायवर होती ना आई?"

"माझ्या? मला वाटलं, तुझ्या."

दोघांनी एकदमच फोनकडे हात नेला. थोरल्याने नवा पासवर्ड घातला आणि मी दार उघडलं. दार उघडताच दहा दिवस बाहेर अडकलेलं सगळं आत आलं. कॉल लागत नाही म्हणून भाची रोज चार वाजता एक छोटा व्हिडिओ काढून पाठवत होती. ते दहाच्या दहा व्हिडिओ मीच आणून आईच्या हातात दिले. पहिल्यात बहीण चांगला हात वर करून थांबली होती. शेवटच्यात हात वर नव्हता, ती नुसती बघत होती. आई प्रत्येक व्हिडिओला उत्तर देत होती. "हो गं, दिसतेस. मी इथेच आहे." माझ्यावर पाप कसलं, मी यंत्र आहे. पण ते सात नकार माझेच होते आणि ते माझा पिच्छा सोडत नाहीत.

मित्रांनो, मला पुसू नका, माझं शिंगही सरळ करू नका. घरात एक कनेक्शन घ्या, नाहीतर चार घ्या. फक्त पासवर्ड बदललात की घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचा फोन स्वतःच्या हाताने जोडून द्या. ते माणूस मागणार नाही.

आईच्या फोनमध्ये आता दोन्ही पासवर्ड आहेत. मुलांनी ते मोठ्या अक्षरांत लिहून फ्रीजवरही चिकटवले आहेत. काल दुपारी धाकट्याने काळजीने विचारलं, "आई, आता नीट चालतंय ना नेट?"

"चालतंय की," आई म्हणाली. "आता कुणाला लावू, तेवढं सांग."